काळ्या मातीवर बोचीची दोन कोर्टं: स्वयंसेवकांनी बांधायची तर कशी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मराठवाड्यातल्या एका गावात विशेष शाळेचे पालक, शिक्षक आणि काही तरुण मिळून दर रविवारी बोचीची लीग चालवतात (बोची म्हणजे चेंडू घरंगळवत छोट्या लक्ष्य-चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याचा खेळ). खेळाडू बौद्धिक दिव्यांग आहेत, त्यांतले दोघं-तिघं व्हीलचेअरवर. आजवर मैदानात फक्की मारून खेळ चालला. आता शाळेने मागची ३५ बाय ७५ फुटांची जागा दिली आहे. जमीन काळी आहे आणि मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाणी हटत नाही. दोन कोर्टं करायची आहेत, हाताशी वीसेक स्वयंसेवक आहेत. खाली काँक्रीट करून वर कृत्रिम गवत अंथरावं की मातीचं कोर्ट करावं, आणि एप्रिलमध्ये हात घातला तर जूनच्या आत उरकेल का, हे तुम्हाला हवंय.

उत्तर आधीच देऊन टाकतो: काँक्रीट नको, दगडाच्या भुकटीचं करा. आणि जूनच्या आत संपवायचा आग्रह सोडा. का, ते सविस्तर सांगतो.

बोचीचं कोर्ट म्हटलं की सगळे वरच्या थराबद्दल विचारतात. गवत कोणतं, माती कोणती, रंग कोणता. तुमच्या जागेचा खरा प्रश्न वरच्या दीड इंचाचा नाही. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पडलेलं पाणी वाहून जायला वाट नाही. या दोन गोष्टींचा बंदोबस्त झाला तर वर काय घालता हे पुढेही बदलता येतं. तो झाला नाही तर कितीही भारी टर्फ आणा, दुसऱ्या वर्षी चेंडू आपोआप एका कोपऱ्यात जाऊन बसायला लागतील. बोचीत चेंडू हळू घरंगळतो, त्यामुळे क्रिकेटच्या मैदानात लक्षातही येणार नाही असा पाव इंचाचा उतार इथे डाव बदलतो.

काँक्रीटला नको म्हणायचं कारण तेच. काळी माती फुगते तेव्हा चार इंचाचा स्लॅब सहज उचलते, आणि सगळीकडे सारखा उचलत नाही. कडेच्या मातीत ओल लवकर शिरते आणि लवकर सुकते, मधली माती झाकलेली असल्यामुळे मागे राहते. मग कडा वर, मध्य खाली, आणि दोन्हींमध्ये आडवी भेग. स्लॅब एकदा फुटला की तो दुरुस्त होत नाही, फोडून काढावा लागतो. माती फुगण्याचा दाब अडवायला न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर द्यायची पद्धत आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केली. कालवे आणि पायाच्या कामांत ती वापरतात, पण तिथे थर मीटरभराच्या घरात जातो. तो खर्च तुम्हाला झेपणार नाही. आपण देऊ तो नऊ-दहा इंचाचा मुरूम हालचाल कमी करेल, थांबवणार नाही. म्हणून जमीन थोडी हललीच तरी घमेलंभर भुकटी आणि एक पाटा घेऊन रविवारी सकाळी तुमच्याच माणसांना नीट करता येईल, असंच कोर्ट हवं.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. त्या पाहिल्याशिवाय जेसीबी बोलावू नका. जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चार-चार फुटांचे चाचणी खड्डे घ्या. दीड-दोन फुटांवर मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान: सगळी काळी माती काढून टाका आणि मुरमावरून वर या. चार फुटांपर्यंत काळीच निघाली, तर खाली दिलंय तसं करा. दुसरं, पाणी नेमकं कुठे सोडणार ते ठरवा. नाला किंवा गटार किती खोल आहे हे लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा, नजरेने नको. तिसरं, जवळ कडुलिंब, बाभूळ असं मोठं झाड आहे का? मुळं एका बाजूची ओल शोषतात आणि तेवढी बाजू बसते. झाड तोडू नका, कोर्ट सरकवा.

मापांचं म्हणाल तर स्पेशल ऑलिम्पिकच्या (बौद्धिक दिव्यांगांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा चळवळीच्या) नियमांत कोर्ट १२ बाय ६० फूट, म्हणजे ३.६६ बाय १८.२९ मीटर असतं. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय राफा प्रकाराचं कोर्ट साडेसव्वीस मीटरच्या आसपास लांब असतं, त्याच्या मागे लागू नका. तुमची मुलं पुढे जिल्हा-राज्याच्या स्पर्धांना जाणार (२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर स्पेशल ऑलिम्पिकची आशिया-पॅसिफिक बोची स्पर्धा दिल्लीतच झाली), तेव्हा सराव त्याच मापावर हवा. फाउल लाइन (जिच्या मागून चेंडू टाकायचा ती रेष) दोन्ही टोकांपासून १० फुटांवर, मधली रेष ३० फुटांवर. बाजूच्या भिंती निदान चेंडूइतक्या उंच आणि टोकाच्या भिंती ३ फूट. चेंडू १०७ ते ११० एमएम व्यासाचा, वजनाला किलोच्या जरा आत. तो जोरात आला की बुटकी भिंत ओलांडून घोट्यावर बसतो, म्हणून टोकाच्या उंचीत काटकसर करू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एखाद्या मुलासाठी बोशियाचा विचार असेल तर तो वेगळा खेळ आहे: चामड्याचे मऊ चेंडू, १२.५ बाय ६ मीटरचं गुळगुळीत कडक मैदान. तो शाळेच्या हॉलमध्येच घ्या, या कोर्टात बसवायला जाऊ नका.

दोन कोर्टं शेजारी-शेजारी घ्या, मध्ये ५ फुटांची पायवाट. व्हीलचेअर पूर्ण वळवायला एवढी जागा लागतेच. कडेचे कर्ब (बाजूच्या बुटक्या भिंतींचे दगड) आणि बाहेरचा फूटभर धरून सगळ्या खड्ड्याचं माप ३३ बाय ६३ फूट येतं. तुमच्या ३५ बाय ७५ मध्ये बसतं आणि टोकांना माणसं उभी राहायलाही जागा उरते. शक्य असेल तर लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळी एका टोकाच्या खेळाडूच्या डोळ्यात ऊन जातं.

खोदाई १५ इंच. ३३ गुणिले ६३ म्हणजे सुमारे २,०८० चौरस फूट, त्याची १५ इंच माती २६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटी झाली की ती फुगून ३३ ब्रासच्या आसपास जाते. हे श्रमदानाने करू असं कोणी म्हटलं तर हिशोब दाखवा: घमेल्यात दहा-बारा लिटर माती मावते, ब्रासला अडीचशे घमेली, म्हणजे सव्वाआठ हजार घमेली उचलायची. पहिल्याच आठवड्यात लोकांची पाठ मोडेल आणि जिथे त्यांची खरी गरज आहे त्या शेवटच्या टप्प्याला कोणी उरणार नाही. खोदाईला जेसीबी, मुरमाला रोलर, कर्बला गवंडी, एवढं पैसे देऊन करा. निघालेली काळी माती शेतकरी आनंदाने नेतात, आधीच दोघा-तिघांशी बोलून ठेवा. मात्र माती, मुरूम, खडी हे सगळं गौण खनिजात येतं. पुरवठादाराकडून रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास मागून घ्या. माती बाहेर नेण्याबद्दलही तलाठी किंवा तहसील कार्यालयात आधी विचारा. संस्थेचं नाव असलेल्या कामावर बिनापासाचा ट्रॅक्टर सापडला तर दंडाचा घोळ तुमच्या गळ्यात येतो.

एप्रिलमधला खड्डा पूर्ण वाळलेला आणि भेगांनी भरलेला असेल. त्यावर तसाच मुरूम टाकला तर पहिल्या पावसात खालची माती फुगून सगळं वर ढकलेल. म्हणून तळाला दोन-तीन दिवस संध्याकाळी पाणी मारा, भेगा मिटू द्या, वर चिखल होऊ देऊ नका. तळालाही दोन्ही बाजूंनी मध्याकडे हलका उतार द्या. मग नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं न विणलेलं कापड), २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं, खड्ड्याच्या भिंतींवर फूटभर चढवून अंथरा. जोडाला फूटभर एकावर एक घ्या. चढवलेल्या कडा आणि जोड धरून अडीच हजार चौरस फूट लागेल. काळी माती मुरमात वर चढू नये आणि मुरूम चिखलात रुतू नये, एवढंच त्याचं काम आहे. ते वाचवून काही मिळत नाही.

मुरूम बाहेरच्या कडेला १० इंच आणि मध्ये पायवाटेखाली ८ इंच येईल असा बसवा, म्हणजे दोन्ही कोर्टांचं पाणी मध्याकडे येईल. खोटा वाटावा इतका हा उतार कमी आहे, सोळा-साडेसोळा फुटांत दोन इंच. पण तो याच थरात द्यायचा. वरचा खेळाचा थर दोन्ही दिशांना सपाट राहणार. दाबलेला मुरूम साडेपंधरा ब्रास लागतो, म्हणजे सुटा वीसेक ब्रास मागवा. एका वेळी पाच इंचांपेक्षा जास्त टाकू नका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण हाताला ओल लागत नाही, इतकंच पाणी. दाबून झाल्यावर टाच जोरात आपटून पाहा, खळगा पडला तर अजून फिरवा. कोपऱ्यांत रोलर पोचत नाही, तिथे धुमस वापरा. पुढे बसतात ते नेहमी कोपरेच.

पायवाटेखाली मधोमध लांबीभर एक चर घ्या आणि त्यात ४ इंची छिद्रांची पीव्हीसी नळी टाका. छिद्रं खालच्या बाजूला, भोवती खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल. उतार शंभराला एक. दोन्ही टोकांना छोटे चेंबर करा, नाहीतर नळी तुंबली की उपसायला वाटच राहत नाही. हिशोब केला तर बाहेर पडताना नळीचा तळ आजच्या जमिनीपासून पावणेदोन फूट खाली असतो. तुमचं गटार त्याहून खोल आहे का? नसेल तर इथेच थांबा. पाणी निघायला वाट नसलेला खडी भरलेला खड्डा म्हणजे तुम्ही हौद बांधला. त्या परिस्थितीत जेमतेम सहा इंच खरवडा आणि अख्खं कोर्ट भरावावर घेऊन जमिनीपासून फूटभर वर न्या. भराव वाढेल, व्हीलचेअरसाठी बाराला एक या हिशोबाने १२ फुटांचा रॅम्प लागेल, पण पाणी मार्गी लागेल. दोन्हीपैकी काहीही केलं तरी प्लॉटच्या चढाच्या बाजूला एक उघडी चारी हवीच. शाळेच्या छपराचं पाणी कोर्टात येत असेल तर पन्हळीला पाइप लावून ते दुसरीकडे न्या.

मुरमावर २० एमएमची खडी, कडेला ४ इंच, मध्ये ६ इंच, म्हणजे तिचा वरचा माथा सपाट. सुटी १० ब्रास. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो दोन-तीनदा फिरवा. खडीच्या फटी १० एमएमच्या बारीक खडीने भरून घ्या, नाहीतर वरची भुकटी पावसाबरोबर खाली झिरपत जाईल आणि कोर्टात कारण न कळणारे खळगे पडतील.

आणि इथे पावसाळा जाऊ द्या. एप्रिलमध्ये सुरुवात केलीत तर मे संपेपर्यंत खडीपर्यंतचं काम आरामात होतं. जून ते सप्टेंबर ते तसंच उघडं राहू दे. माती फुगेल, मुरूम बसेल, नळी चालते की नाही ते दिसेल, आणि मोठ्या पावसानंतर चेंबरमध्ये डोकावलं की पाणी कुठे अडतंय ते कळेल. ऑक्टोबरमध्ये जिथे खडी बसली तिथे भर घाला आणि मग कर्बला हात लावा. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मे महिन्यात वरचा थर घाईने उरकला की दिवाळीत तो परत उकरायची वेळ येते. देणगीदार घाई करत असतील तर त्यांना सरळ सांगा की कार्यक्रम डिसेंबरात होईल.

कर्बवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण कोर्टाची पातळी कर्ब ठरवतो. सलग आरसीसीची कड काळ्या मातीवर तडकते, म्हणून सुटे प्रीकास्ट कर्ब स्टोन घ्या. एखादा हलला तर तेवढाच काढून परत बसवता येतो. १२ इंच उंचीचा कर्ब इंचभर मसाल्यावर खडीवर बसवला आणि आत ४ इंचाचा भराव आला की वर ९ इंच राहतो. बाहेरच्या बाजूने काँक्रीटचा तिरपा टेकू द्या. दोन्ही कोर्टांना मिळून ३०० रनिंग फूट धरा. दर सहा फुटांवर एक सांधा मसाला न भरता सोडा आणि आतून बारीक जाळी लावा, म्हणजे वर साचलेलं पाणी निघून जाईल आणि भुकटी आत राहील.

पातळी घेताना एकच खूण पक्की धरा, शाळेच्या भिंतीवर किंवा न हलणाऱ्या खांबावर, आणि सगळी मापं तिथूनच घ्या. एका कर्बवरून दुसऱ्या कर्बवर असं करत गेलात तर साठ फुटांत चूक साठत जाते. लेव्हल ट्यूबमध्ये हवेचा एकही बुडबुडा नको. नळी उन्हात पडलेली असेल तर सावलीत आणा, दोन्ही तोंडं जवळ धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी तपासा, आणि वाचताना दोघांनीही बोट काढलंय याची खात्री करा. पाणी हलायचं थांबेपर्यंत दम धरा. हे काम दोन शांत माणसांना द्या, दहा जणांच्या गलक्यात ते होत नाही. दोरी ओढून सगळे कर्ब लागले की प्रत्येक १० फुटांवर पुन्हा तपासा. २ एमएमपेक्षा जास्त फरक दिसला तर मसाला ओला असतानाच सुधारा.

कर्ब पातळीत असण्याचा फायदा पुढे मिळतो. साधारण १३ फुटांची सरळ फळी किंवा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या, दोन्ही टोकांना कान ठेवा आणि मधला १२ फुटांपेक्षा अर्धा इंच कमी भाग ९ इंच खाली उतरेल असा पाटा तयार करा. कान दोन्ही कर्बवर टेकवून तो ओढत नेला की खालची भुकटी आपोआप कर्बच्या पातळीत येते. कोर्ट आयुष्यभर याच पाट्याने दुरुस्त करायचं आहे, म्हणून तो चांगला बनवा आणि शेडमध्ये टांगून ठेवा. उभा टेकवला तर वाकतो.

कर्बच्या आतल्या बाजूला जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या लावा, तळाशी बोटभर फट सोडून. काँक्रीटवर आपटून चेंडूला टवके जातात, हे एक कारण. दुसरं तुमच्या मुलांसाठी जास्त महत्त्वाचं आहे: तो खणखणीत आवाज काहींना सहन होत नाही, ती कान झाकून घेतात आणि खेळातून बाहेर पडतात. बेल्टमुळे आवाज मऊ होतो. टोकांना दोन इंची चौकोनी पाइपचे खांब रोवून तीन फुटांपर्यंत फळ्या लावा आणि त्यांच्या पुढेही बेल्ट टांगा. लाकूड वापरणार असाल तर वाळवीचा विचार करूनच. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या फळ्या महाग पडतात, पण त्या बदलाव्या लागत नाहीत. व्हीलचेअरसाठी प्रत्येक कोर्टाच्या पायवाटेकडच्या कर्बमध्ये फाउल लाइनच्या मागे तीन फुटांची फट ठेवा आणि खेळ सुरू झाल्यावर ती बंद करणारी फळी खाचेत बसेल अशी करा. दोन्ही टोकांना ठेवा, एकाच टोकाला नको. डावाचं टोक बदलतं तेव्हा खुर्ची अख्ख्या कोर्टातून ढकलत न्यावी लागली तर चाकांच्या चऱ्या पडतात. रेषांच्या खुणा कर्बवर ठळक रंगात करा, जमिनीवरची फक्की दोन सामन्यांत पुसते.

आता वरचे थर. खडीवर अडीच इंच कच, म्हणजे ६ एमएमपासून खाली भुकटीपर्यंत सगळं मिसळलेलं. दोन्ही कोर्टांना सुटी पावणेचार ब्रास. ओली करून, पाट्याने ओढून, कॉम्पॅक्टरने दाबून घ्या. त्यावर दीड इंच बारीक डस्ट, ३ एमएमच्या चाळणीतून चाळलेली, ३ ब्रास मागवा. लागेल सव्वादोन, उरलेली झाकून ठेवा. पुढे दुसऱ्या खाणीची आणलीत तर रंग आणि पोत जुळत नाही.

अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर शिंपल्यांची भुकटी वापरतात, तिथे ती सहज मिळते. आपल्याकडे तिच्या मागे जायचं कारण नाही. आपली बेसॉल्टची डस्ट चांगली आहे, फक्त क्रशरवर काय मागता याकडे लक्ष द्या. 'क्रश सँड' म्हणालात तर बांधकामाची धुतलेली वाळू येईल. तिच्यातली बारीक भुकटी धुऊन गेलेली असते, त्यामुळे ती कधीच घट्ट बसत नाही. नदीची वाळू तर गोल दाण्याची, चेंडूखाली सरकते. तुम्हाला हवी न धुतलेली डस्ट. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत डस्ट आणि वर पाणी भरून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी दाणे, वर पिठासारखा थर दिसेल. तो थर एकूण डस्टच्या दहाव्या-सातव्या हिश्शाइतका असावा. त्याहून कमी असेल तर चाळलेला लाल मुरूम किंवा विटांची सुरखी मिसळा. पाच भागांना एकपासून सुरुवात करा आणि ४ बाय ४ फुटांचा नमुना करून आठवडाभर त्याच्यावर चेंडू टाकून पाहा. पीठ फार झालं तर पावसात निसरडं होतं आणि उन्हात पापुद्रे सुटतात. काळी माती चुकूनही मिसळू नका. कोणीतरी सिमेंट टाकायला सांगेलच, तेही नको. पहिल्या महिन्यात कोर्ट छान कडक वाटतं, मग पापडी फुटून खड्डे पडतात आणि पाटा त्यावर चालत नाही.

डस्ट दोन थरांत टाका. पहिला थर इंचभर: झारीने पाणी, पाटा, मग १५०-२०० किलोचा हातरोलर. क्रिकेटच्या खेळपट्टीचा मिळाला तर उत्तम. रोलरला डस्ट चिकटायला लागली की पाणी जास्त झालं, तासभर थांबा. दुसरा थर अर्ध्या इंचाचा आणि तो खरवडून पहिल्यात मिसळून, नाहीतर दोन थर एकमेकांपासून सुटतात. तयार झाल्यावर साऱ्या कोर्टावर हलकं पाणी शिंपडा. जिथे ओल उशिरापर्यंत राहते तिथे खळगा आहे, खडूने गोल करा आणि भरा. नंतर चेंडू अगदी हळू सोडा, इतका हळू की मध्यावर पोचता-पोचता थांबेल. तो शेवटच्या हातभर अंतरात वळला तर तिथे उतार आहे. चारही दिशांनी असं करा. इथे तुमचे वीस जण लागतात, आणि मुलांनाही यात घ्या. हळू चेंडू सोडायचं काम ती मोठ्यांपेक्षा चिकाटीने करतात.

थोडक्यात मालाची यादी, दोन्ही कोर्टांना मिळून: मुरूम २०, खडी १०, कच पावणेचार, डस्ट ३ ब्रास, जिओटेक्स्टाइल अडीच हजार चौरस फूट, कर्ब ३०० फूट, छिद्रांची नळी ६५ फूट. पायवाटेचे पेव्हर ब्लॉक, ३०० चौरस फुटांच्या वर, आणि कर्बच्या टेकूचं काँक्रीट वेगळं. दर जिल्ह्याजिल्ह्यात इतके बदलतात की मी आकडा देत नाही. ही मापं घेऊन तीन ठिकाणी भाव काढा. वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीच्या बरोबरीने येतो, म्हणून क्रशर किती लांब आहे ते आधी पाहा. पैसे कमी पडत असतील तर थर पातळ करू नका, एकच कोर्ट करा. खड्डा, मुरूम आणि नळी दोन्हींची आत्ताच करून ठेवा आणि दुसऱ्यावरचे थर पुढच्या वर्षी घाला.

देखभालीसाठी दोन नावं ठरवून टाका, 'सगळे मिळून बघू' म्हटलं की कोणीच बघत नाही. सामन्याआधी हलकं पाणी, मग चेनलिंक जाळीच्या तुकड्याला पोतं बांधून कोर्टभर ओढणं, ही वीस मिनिटांची गोष्ट आहे. आठवड्यातून एकदा रोलर. फाउल लाइनच्या मागे पायांनी आणि मध्याच्या पुढे चेंडू पडून खळगे होतात. तेवढी जागा खरवडून, ओली करून, भर घालून दाबायची. कोरडी डस्ट नुसती वर पसरली तर ती वाऱ्याने उडते. गवताचा कोंब दिसला की मुळासकट काढा. पावसाळ्यात कोर्ट बंद ठेवा आणि ताडपत्री टाका. ती मधोमध बांबूवर उंच धरा, म्हणजे पाणी बाहेर जाईल. सपाट अंथरली तर तिच्यावरच तळं होतं. पाऊस संपल्यावर दरवर्षी सुमारे १० एमएम डस्ट घालावी लागते, कोर्टाला पाव ब्रास. काळ्या मातीने एखादा कर्ब उचललेला दिसला तर तो याच वेळी काढून बसवा.

राहिला कृत्रिम गवताचा मुद्दा. त्याला माझा सरसकट विरोध नाही. जून ते सप्टेंबर मुलांचा सराव तुटू नये म्हणून शाळेच्या हॉलमध्ये किंवा पक्क्या व्हरांड्यात १२ फूट रुंदीचा आखूड केसांचा टर्फचा पट्टा अंथरा आणि कडेला पीव्हीसी पाइपची चौकट करा. साठ फूट लांबी मिळाली नाही तर चाळीसही चालेल, फक्त फाउल लाइनपासूनची अंतरं खरी ठेवा. चेंडू तिथे जास्त वेगाने पळतो, हे मुलांना ऑक्टोबरमध्ये बाहेर आल्यावर पहिले दोन रविवार नुसतं घरंगळवायला देऊन पुन्हा अंगवळणी पाडावं लागेल. त्यासाठी लीगचं वेळापत्रक लावताना ते दोन रविवार सामन्यांविना मोकळे ठेवा.